भंगाराचा हिशेब कोण मागणार?

शेगावहून उत्तरेला सातपुड्याच्या दिशेने निघाले म्हणजे संग्रामपूर तालुक्यातील वरवट बकाल हे गाव लागते. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्याचा हा मुलूख. येथले प्रश्न सर्वपरिचित आहेत. भूगर्भातील पाणी खारे, मूत्रपिंडाच्या विकाराने जर्जर झालेली माणसे, कापसाच्या भावाची अनिश्चितता आणि रात्री-अपरात्री येणारी वीज. अशा गावात ‘इलेक्ट्रॉनिक कचरा’ हा विषय काढला तर ऐकणारा हसण्याचाच संभव अधिक. हा मुंबई-पुण्याच्या सुखवस्तू लोकांचा विषय, आपल्याला त्याचे काय, असे आपले कार्यकर्तेही म्हणतात. हा समज किती चुकीचा आहे आणि तो तसाच राहण्यात कोणाचा फायदा आहे, हे सांगण्यासाठी आजचे हे अग्रलेखाचे स्थान आम्ही भंगाराला देत आहोत.

या तालुक्यातील कोणत्याही शेतकऱ्याच्या घराची मागची पडवी पाहावी. कमी दाबाच्या विजेने जळालेली पाण्याची मोटार, तिचा निकामी स्टार्टर, दोन हंगामांत दम तोडलेला बॅटरीवरचा फवारणी पंप, सपाट पडद्याचा टीव्ही आल्यावर कोपऱ्यात गेलेला डबा टीव्ही, पोरांनी टाकून दिलेले तीन-चार मोबाइल, चार्जरांचा गुंता, फुटलेले सीएफएल दिवे आणि फुगलेली इन्व्हर्टरची बॅटरी, एवढा ऐवज तेथे हमखास सापडतो. यात नव्याने भर पडली आहे ती सौर कृषिपंपांची. प्रधानमंत्री कुसुम योजना २०१९ साली आली, राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजना २०२४ साली आली. सौर पाटे वीस-पंचवीस वर्षे टिकतील असे सांगितले जाते. त्यांना जोडलेले नियंत्रक आणि मोटारी मात्र त्याआधीच मोडीत निघणार, हे सांगायला ज्योतिषी नको. पडवीतील हा ऐवज एके दिवशी भोंगा लावून फिरणाऱ्या भंगारवाल्याच्या गाडीत जातो. मोटारीतील तांब्याला बरा भाव मिळतो, बाकीच्या वस्तू नगावर किंवा नुसत्या अंदाजावर जातात. कित्येकदा बदल्यात प्लॅस्टिकची बादली मिळते. पडवी मोकळी झाली याचेच घरच्या बाईला समाधान.

पण वस्तू पडवीतून गेली म्हणजे ती जगातून गेली असे होत नाही. तारेवरचे प्लॅस्टिक सोलायला वेळ लागतो, म्हणून गावाच्या कडेला नाल्यात तारेची भेंडोळी पेटवली जाते. त्या काळ्या धुरात डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये असतात. डबा टीव्हीच्या काचेत शिसे असते, सीएफएल दिव्यात पारा असतो, मोबाइलच्या नि संगणकाच्या पट्ट्यांवर शिशाचे डाग आणि आग रोखणारी ब्रोमीनयुक्त रसायने असतात. तांबे काढून घेतले की उरलेला चुरा उकिरड्यावर पडतो आणि पहिल्याच पावसात नाल्याने शेतात जातो. या पट्ट्यातील लोकांना पाण्यातले विष काय असते हे शिकवावे लागत नाही. वान धरणाचे पाणी नळाने गावोगाव आणावे लागले ते याच कारणाने. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये शेजारच्याच शेगाव तालुक्यातील गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले, तेव्हा प्रथम पाण्यावर संशय गेला. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या तपासणीतून रेशनच्या गव्हातील अतिरिक्त सेलेनियमकडे बोट दाखवले गेले. त्या प्रकरणाचा भंगाराशी संबंध आहे असे आमचे म्हणणे मुळीच नाही. त्यातून घ्यायचा धडा वेगळा आहे. एखादे मूलद्रव्य माणसाच्या शरीरात शिरल्यानंतर ते शोधण्यासाठी दिल्लीपासून पथके धावतात आणि तोवर गाव भयाने गोठून जाते. ते शिरण्यापूर्वीच अडवणे स्वस्तही आहे आणि शहाणपणाचेही.

आता या भंगाराचा पुढचा प्रवास पाहू. तालुक्याचा माल मोठ्या गावच्या गोदामात जातो आणि तेथून महानगरांत. दिल्लीचे सीलमपूर आणि उत्तर प्रदेशातील मुरादाबाद ही नावे या धंद्यात कुप्रसिद्ध आहेत. तेथे आम्लाच्या टबात हात घालून स्त्रिया आणि मुले संगणकाच्या पट्ट्यांतून तांबे आणि सोने काढत आली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२१ मध्ये या विषयावर स्वतंत्र अहवाल काढला. असंघटित कचरा व्यवसायातील सुमारे १ कोटी २९ लाख स्त्रियांना या कचऱ्यातील विषारी द्रव्यांचा धोका संभवतो, असे त्यात म्हटले आहे. १९८९ च्या बाझल कराराने श्रीमंत देशांनी आपला घातक कचरा गरीब देशांच्या दारात टाकू नये असे बंधन घातले. परंतु देशाच्या आत श्रीमंताचा कचरा गरिबाच्या दारात जाऊ नये यासाठी कोणताही करार झालेला नाही.

या कचऱ्याचे प्रमाण किती आहे, तेही ध्यानात घेतले पाहिजे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००५ सालच्या अंदाजात देशातील असा कचरा दीड लाख टनांच्याही आत होता आणि राज्यांत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता. संसदेत दिलेल्या सरकारी आकड्यांनुसार २०१९-२० साली तो १०.१ लाख टन झाला आणि २०२३-२४ साली १७.५ लाख टनांवर गेला. सरकारची ही मोजणी उत्पादकांनी कळवलेल्या विक्रीवरून होते. संयुक्त राष्ट्रांशी संलग्न संस्थांचा २०२४ सालचा अहवाल २०२२ या वर्षासाठी भारताचा आकडा सुमारे ४१ लाख टन देतो. त्याच अहवालानुसार जगात त्या वर्षी ६ कोटी २० लाख टन कचरा झाला आणि त्यातला २२.३ टक्केच नोंद ठेवून, रीतसर गोळा करून पुन्हा वापरात आणला गेला. म्हणजे चार वस्तूंपैकी तीन वस्तू कोठे जातात याचा जगाला पत्ता नाही. वरवट बकालच्या पडवीतून गेलेली मोटार याच बेपत्ता वस्तूंत मोडते.

आणि तरीही हा निव्वळ कचरा नव्हे. सोन्याच्या खाणीतील एका टन मातीत काही ग्रॅम सोने मिळाले तरी खाण किफायतशीर ठरते. टाकाऊ मोबाइलच्या एका टनात सुमारे तीनशे ग्रॅमपर्यंत सोने निघू शकते, तांबे आणि चांदी निराळीच. ज्या खामगावची ओळख चांदीच्या बाजारपेठेसाठी आहे, त्या खामगावच्या परिसरातून चांदी असलेला माल कवडीमोलाने बाहेर जातो, हा विरोधाभास कोणाच्या नजरेस येऊ नये याचे आश्चर्य वाटते. वऱ्हाडला हा अनुभव नवा नाही. १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा टाकला गेला आणि त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आला, तो वऱ्हाडी शेतकऱ्याच्या प्रेमापोटी नव्हे, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस हवा होता म्हणून. कच्चा माल येथून जायचा, त्यावरची प्रक्रिया दुसरीकडे व्हायची आणि नफा तिसऱ्याच्या तिजोरीत पडायचा. कापसाच्या बाबतीत झाले तेच आता भंगाराच्या बाबतीत होत आहे. फरक इतकाच की कापूस जाताना मागे विष ठेवून जात नव्हता.

कायदा नाही असे नाही. या कचऱ्याविषयीचे पहिले नियम २०११ साली झाले व मे २०१२ पासून अमलात आले. २०१६ साली ते बदलले आणि २०२२ साली पुन्हा बदलले. सध्याचे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. या नियमांचे मूळ तत्त्व आम्हाला सर्वस्वी मान्य आहे. ज्याने वस्तू बाजारात आणून नफा मिळवला, त्यानेच ती निकामी झाल्यावर तिच्या विल्हेवाटीचा खर्च सोसावा, असे हे तत्त्व आहे. पूर्वी एकवीस प्रकारच्या वस्तूंना लागू असलेले हे बंधन आता शंभरहून अधिक वस्तूंना लागू झाले आहे. २०२३-२४ आणि २०२४-२५ या वर्षांसाठी कंपन्यांवर साठ टक्क्यांचे उद्दिष्ट होते, पुढील दोन वर्षांसाठी ते सत्तर टक्के आहे आणि २०२७-२८ पासून ते ऐंशी टक्के होणार आहे. कागदावर यापेक्षा चांगले काय असू शकते?

गोम आहे ती पुढे. कंपनीने स्वतः कचरा गोळा करण्याची गरज नाही. नोंदणीकृत पुनर्चक्रण कारखान्याने तांबे, लोखंड, ॲल्युमिनियम आणि सोने किती काढले त्यावर त्याला प्रमाणपत्रे मिळतात आणि कंपनीने ती विकत घेतली की तिचे कर्तव्य संपते. कर्तव्याचीही अशी बाजारपेठ झाली. या बाजारात कारखानदारांना अगदीच कवडीमोल दर मिळू नये म्हणून सरकारने घरगुती उपकरणांसाठी किलोमागे किमान २२ रुपयांचा दर ठरवला, तर सॅमसंग, एलजी यांसारख्या बलाढ्य कंपन्यांनी २०२५ साली दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. शेतमालाला किमान भाव मागणाऱ्या शेतकऱ्याला ‘बाजारात हस्तक्षेप नको’ असे जे ऐकवले जाते, तोच युक्तिवाद येथेही दिसतो. मात्र किमान दर टिकला तरी आमचा प्रश्न कायम राहतो. हे बावीस रुपये कोणाच्या हाती पडणार? ते पडणार नोंदणीकृत कारखान्याच्या हाती. ज्या भंगारवाल्याने उन्हातान्हात दहा गावे पालथी घालून तो माल जमवला, त्याचा या हिशेबात उल्लेखही नाही.

हा उल्लेख कसा गळाला तेही पाहण्यासारखे आहे. २०१६ च्या नियमांत संकलन केंद्रे आणि वस्तू सुट्या करणारे यांना निदान एक स्थान होते. २०२२ च्या नियमांनी नोंदणी चौघांपुरती मर्यादित केली. वस्तू बनवणारा, ती बाजारात आणणारा, दुरुस्त करून पुन्हा विकणारा आणि पुनर्चक्रण करणारा, असे हे चौघे. पायपीट करून गोळा करणारा आणि हाताने सुटे करणारा, हे दोघे कायद्याच्या चौकटीबाहेर गेले. उलट त्याच नियमांत राज्य सरकारवर तीन जबाबदाऱ्या टाकल्या आहेत. या कामासाठी औद्योगिक वसाहतींत जागा किंवा गाळे राखून ठेवावेत, या कामातील मजुरांची नोंदणी करून त्यांना प्रशिक्षण द्यावे आणि मजुरांचे गट स्थापन करून त्यांना असे केंद्र उभारण्यास साहाय्य करावे. म्हणजे एका हाताने नाव खोडायचे आणि दुसऱ्या हाताने त्याच माणसाला मदतीचे आश्वासन द्यायचे. या दुसऱ्या हाताला धरून बसणे हेच आता आपले काम आहे. हे आश्वासन अमलात आणा अशी मागणी घेऊन आपल्यापैकी किती जण तहसील कचेरीत वा जिल्हाधिकाऱ्यांकडे गेले? आम्हीही गेलो नाही, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे.

महाराष्ट्राला अशा कामाची परंपरा आहे. डोक्यावर पोती वाहणाऱ्या हमालाला मालक कोण हेच सांगता येत नसे. आज या व्यापाऱ्याचे पोते, उद्या त्याचे. १९६९ च्या माथाडी कायद्याने त्यावर उत्तर काढले. मालक अनेक असले तरी त्या सर्वांकडून मजुरीवर लेव्ही घेऊन ती मंडळात जमा करायची आणि त्यातून हमालाला भविष्यनिर्वाह निधी, बोनस व औषधोपचार द्यायचा. कचरावेचकांच्या बाबतीत पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. महापालिकेच्या मान्यतेची ओळखपत्रे मिळवण्यापासून तिने सुरुवात केली आणि त्या चळवळीतूनच ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था निर्माण झाली. तिने २००८ साली पुणे महापालिकेशी करार केला. ज्यांना ‘कचरेवाली’ म्हणून हाकलले जात होते, त्या स्त्रिया दारोदार सेवा देऊन हक्काने मोबदला घेऊ लागल्या. भंगारवाल्याची स्थिती हमालाहून निराळी नाही. त्यालाही मालक नाही, पण त्याच्या श्रमावर नफा कमावणारे मात्र अनेक आहेत.

तेव्हा संग्रामपूर तालुक्यापुरता एक कार्यक्रम आम्ही कार्यकर्त्यांपुढे ठेवत आहोत.

पहिली गोष्ट मोजणीची. वरवट बकालमधील प्रत्येक घर, दुकान, शाळा, दवाखाना, मोटार वाइंडिंगचे आणि मोबाइल दुरुस्तीचे दुकान यांत निकामी वस्तू किती पडून आहेत, याची यादी कार्यकर्त्यांनी विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन करावी. जी गोष्ट मोजली नाही तिच्यावर हक्क सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट दुरुस्तीची. वस्तू भंगारात जाण्याआधी ती दुरुस्त होते काय, हे पाहणारा हात गावात असला पाहिजे. आयटीआयमधून वीजतंत्रीचे शिक्षण घेऊन रिकामे बसलेले तरुण आपल्याकडे आहेत. कंपन्या सुटे भाग देत नाहीत, वस्तू उघडता येणार नाही अशाच बनवतात आणि नवी घ्या म्हणतात. दुरुस्तीचा हक्क हा म्हणूनच ग्राहकाचा जितका तितकाच कारागिराच्या रोजगाराचा प्रश्न आहे.

तिसरी गोष्ट संकलनाची. ग्रामपंचायतीने एक कोरडी, छपराची, कुलूपबंद खोली द्यावी. स्वच्छतेसाठी राखून ठेवलेल्या निधीचा विनियोग करताना ग्रामसभेत हा ठराव यावा. डबा टीव्ही फोडायचा नाही, सीएफएल दिवा फोडायचा नाही, तार जाळायची नाही, आम्ल वापरायचे नाही, ही चार बंधने त्या खोलीच्या दारावर ठळक लिहावीत. बॅटऱ्यांसाठी २०२२ चेच निराळे नियम आहेत, म्हणून त्या वेगळ्या ठेवाव्यात. शिसे वितळवण्याचा उद्योग गावात कोणी करीत असेल तर त्याला समजावून परावृत्त करावे.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट सहकाराची. या कामाची संस्था भंगारवाल्यांची आणि बचत गटांतील स्त्रियांचीच असली पाहिजे. एखाद्या पुढाऱ्याच्या मेहुण्याला ठेका देऊन हे काम होणार नाही. भंगारवाल्यांच्या पोटावर पाय देऊन पर्यावरण वाचवण्याच्या योजना शहरांत पुष्कळ झाल्या. पोलिसांना पुढे करून त्यांना हुसकावले की माल आणखी अंधारात जातो, एवढेच त्यांतून सिद्ध झाले. सभासदत्वाचा पहिला हक्क त्यांचा. हातमोजे, मुखपट्टी, वर्षातून एकदा रक्ततपासणी आणि ओळखपत्र हा त्यांचा दुसरा हक्क.

येथे एक आक्षेप येईल आणि तो प्रामाणिक आहे. एका गावाचा माल तो किती? त्यासाठी मुंबई-पुण्याकडचा नोंदणीकृत कारखानदार वाहन पाठवील काय? पाठवणार नाही, हे उघड आहे. म्हणून गावाने गोळा करावे, तालुक्याने साठवावे आणि संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा, खामगाव या पाच तालुक्यांच्या संस्थांनी मिळून खामगावच्या औद्योगिक वसाहतीत एक सामाईक केंद्र चालवावे. तेथे यंत्राविना, नुसत्या हत्यारांनी वस्तू सुट्या करता येतात. लोखंड, तांबे, प्लॅस्टिक वेगळे झाले की वाहतूक परवडते. हे सर्व नोंदणीकृत कारखान्याशी लेखी करार करून आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीनेच व्हावे. सोने काढण्याच्या मोहात पडू नये. ते काम सुसज्ज कारखान्याचे आहे, त्याची नक्कल गावात करणे म्हणजे सीलमपूरची शाखा उघडणे होय. आपण मागायचे ते सोने नव्हे, सोन्याच्या हिशेबातील वाटा.

आणि तो वाटा हीच आपली राजकीय मागणी असली पाहिजे. प्रमाणपत्रांच्या खरेदीपोटी कंपन्या जी रक्कम मोजतात, तिच्यातील ठरावीक हिस्सा माथाडी कायद्याच्या धर्तीवर लेव्ही म्हणून वेगळा काढावा. तो जिल्हा मंडळात जमा व्हावा आणि गोळा करणाऱ्या नि सुटे करणाऱ्या नोंदणीकृत श्रमिकांना भाव, विमा आणि निवृत्तिवेतन यांच्या रूपाने मिळावा. वस्तू विकताना खेड्यातल्या शेवटच्या दुकानापर्यंत पोचणारी कंपनी ती परत घेताना महानगराच्या वेशीवर थांबते, हा अन्याय आहे. विक्री जेथे झाली तेथूनच संकलन झाले पाहिजे आणि उद्दिष्टाचा काही भाग ग्रामीण भागातूनच पुरा करण्याचे बंधन कंपन्यांवर असले पाहिजे. ही मागणी विधिमंडळात आणि संसदेत मांडली जावी. पण ग्रामसभांच्या ठरावांचे बळ पाठीशी नसेल तर ती कागदावरच राहील.

हा प्रश्न लहान आहे असे ज्यांना अजूनही वाटत असेल, त्यांनी एवढेच पाहावे. पुढील वीस वर्षांत या पट्ट्यातील शेताशेतांत सौर पाटे उभे राहतील आणि एके दिवशी ते एकदमच मोडीत निघतील. आजच्या नियमांनी सौर पाट्यांच्या बाबतीत उत्पादकांना २०३४-३५ पर्यंत फक्त साठवण करण्यास आणि हिशेब ठेवण्यास सांगितले आहे. म्हणजे आपल्या हाती फार तर आठ-दहा वर्षे आहेत. त्या अवधीत गावोगावी कुलूपबंद खोली, शिकलेले हात आणि हक्काची संस्था उभी राहिली नाही, तर योजनेच्या फलकावर पुढाऱ्यांचे छायाचित्र राहील आणि बांधावर काचेचा ढीग राहील.

कार्यकर्त्यांनी प्रारंभ मोठ्या परिषदेने करू नये. येत्या ग्रामसभेत एका खोलीचा ठराव आणावा आणि त्या सभेला गावच्या भंगारवाल्याला मानाने बोलवावे. आजवर त्याने आपल्या पडव्या मोकळ्या केल्या, पण सभेत त्याला बसायला खुर्ची कोणी दिली नाही. आता त्याच्याजवळ बसून या धंद्याचा हिशेब त्याच्याच तोंडून ऐकून घ्यावा. मागणीपत्रातला पहिला आकडा तेथूनच मिळेल.